बसतो तो उठतो

१८ जुलै

मी ज्यांच्या अडत दुकानात कामाला आहे ते चनबसप्पा शेठ दर दिवाळीला दुकानाच्या नावाची डायरी देतात. आजवर त्या कपाटातच पिवळ्या पडल्या. यंदाच्या डायरीत लिहायचं ठरवलं आहे. कारण असं काही नाही. दिवसभर ओरडल्यावर संध्याकाळी बोलवत नाही आणि डोक्यातलं बोलणं मात्र थांबत नाही.

मी मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारतो. पिशव्यांच्या रांगेतून मी पुढे, खरेदीदार मागे. हमाल एक पिशवी फोडतो, कांदा ओततो, मी शेतकऱ्याचं नाव पुकारतो आणि बोली चढवत नेतो. कोणाचं बोट वर गेलं, कोणी नुसती भुवई उचलली, सगळं बघायचं आणि पत्र्याखालच्या त्या गोंगाटात शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं ओरडायचं. यार्डात म्हणतात, पडक्या आवाजाला पडका भाव. बारापर्यंत माझा आवाज बसतो. रात्री खडीसाखर आणि काळी मिरी दाढेखाली धरली की सकाळी उठतो. मोडनिंबहून सोलापुरात आलो तेव्हापासून असंच चाललं आहे.

आज धुळाप्पानं चेष्टा केली. तो आमच्या दुकानाचा तोलार, काट्यावर असतो. म्हणाला, "इंद्रा, तुजी मान जाड झालीया. जाड मानंचा कांदा टिकत न्हाय बरं का." सगळे हसले, मीही हसलो. कांदा हातात घेतला की पहिली मान बघतात. बारीक, सुकलेल्या मानेचा टिकतो, जाड मानेचा आतून सडतो.

घरी येऊन आरशात पाहिलं. गळ्याच्या डाव्या अंगाला लिंबाएवढं काहीतरी आहे. गिळलं की वर जातं, परत खाली येतं.

२३ जुलै

बायकोनं, वैजयंतीनं ऐकलं नाही. आवक जबर होती, तरी लिलाव आटपून तसाच दवाखान्यात गेलो. अंगाला कांद्याची फोलपटं होती. रिक्षात ती म्हणाली, "ओरडायचं काम आहे म्हणून सांगू नका. आधी पंधरा दिवस गप्प बसा म्हणतील आणि शेठ तेवढ्यात दुसरा माणूस उभा करतील." तिचं बरोबर आहे.

डॉक्टर चांगले वाटले. वय फार नाही, बोलणं शांत. काय काम करता विचारलं. म्हणालो, मार्केट यार्डात असतो. गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं.

"आवाज असाच आहे?"

"बसलाय जरा."

"किती दिवसांपासून?"

"लई दिवस झाले की. दुपारनंतर तर निघतच नाही."

त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी सांगितली.

३ ऑगस्ट

सुईचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. वैजयंती म्हणाली, "मग मेल्यांनी सुई कशाला घातली?" डॉक्टर हसले.

त्यांनी नीट समजावलं. दोन वाटा आहेत. काही महिने थांबून परत सोनोग्राफी करायची, किंवा गाठीसकट डावी बाजू काढून टाकायची. "नुसती गाठ असती तर मीच थांबा म्हणालो असतो," ते म्हणाले. "पण तुमचा आवाज बदललाय. आवाजाची शीर गाठीला अगदी चिकटून जाते. ती दाबली जात असणार. साध्या गाठी सहसा असं करत नाहीत. म्हणून काटा ऑपरेशनकडे झुकतोय."

मग धोके सांगितले. रक्त जाऊ शकतं, जखमेत पू होऊ शकतो, कॅल्शियम उतरून हातपाय वळू शकतात. "आणि एखाद्याचा आवाज बसतो," ते म्हणाले.

मला हसू आलं. "माझा तर बसतोच की, डॉक्टर."

"तेच तर म्हणतोय मी," ते म्हणाले.

दोघांचंही एकमत झालं म्हटल्यावर बरं वाटलं.

९ ऑगस्ट

घरात रोज तोच विषय. प्रियदर्शनी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला थोडं कळतं. म्हणाली, "पप्पा, आधी घशात दुर्बीण घालून आवाजाच्या पट्ट्या हलतात का बघतात. ते केलं का?" फोन करून विचारलं. दुर्बिणीच्या डॉक्टर बाळंतपणाच्या रजेवर आहेत. थांबायचं असेल तर थांबा म्हणाले, पण मग नंबर पुढे जाईल.

शेठ म्हणाले, "ऑगस्टात उरकून घे इंद्रजीत. नोव्हेंबरात लाल कांदा सुरू झाला की मला तू उभा पाहिजेस." धुळाप्पाचं मत उलटं. "दुखत न्हाय, खुपत न्हाय, मग कशाला कापून घ्यायचं? थांब की वाईच."

वैजयंती एवढंच म्हणाली, "माझा भाऊ थांबला होता." महिपती मंगळवेढ्याला असायचा. त्याच्या जिभेवर फोड होता. थांबला आणि गेला.

मी माझ्यापुरतं तोलून पाहिलं. एका पारड्यात मरण आणि दुसऱ्यात बसलेला आवाज. ह्याला काटा तरी कशाला लागतो?

२० ऑगस्ट

दवाखान्यातून लिहितो आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. चार दिवस यार्डात गेलो नाही, त्यामुळे अंग हलकं वाटतंय. मघाशी मी शेजारच्या खाटेवरच्या अक्कलकोटच्या म्हाताऱ्याशी पावसावर बोलत होतो, तर सिस्टर धावत आल्या. "काका, हळू बोला हो! काय तो आवाज, खालच्या मेडिकलपर्यंत जातोय." म्हातारा म्हणाला, "बोलू द्या की बाई. देवळातल्या घंटंसारखा हाय."

वैजयंती तोंडाला पदर लावून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

२६ ऑगस्ट

घरी आलो. टाके नाहीत, आतून शिवलं आहे म्हणे. गळ्यावर नुसती रेघ आहे. पाणी पिताना ठसका लागतो. आवाज बसला आहे. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

४ सप्टेंबर

गाठ साधी निघाली! कॅन्सर नाही. वैजयंती दवाखान्याच्या जिन्यातच खाली बसली आणि रडली. मग आम्ही पेढे घेतले, अर्धा किलो डॉक्टरांनाच दिले.

डॉक्टरांनी आवाजाचं विचारलं. मी बोलून दाखवलं, म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तो आधीपासूनच बसलेला होता ना तुमचा. मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय. सूज उतरली की बघू." इतके पेशंट रोज येतात, तरी ह्या माणसाच्या ध्यानात राहतं. कौतुक वाटलं.

प्रियदर्शनीनं पेढा घेतला नाही. परीक्षा जवळ आली की तिचं असंच होतं.

१७ सप्टेंबर

मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, अडुळसा, हळद-दूध. खडीसाखरेचा डबा संपला, दुसरा आणला.

धुळाप्पा येऊन गेला. मी बोलायला लागलो तर तोही कुजबुजायला लागला. म्हणालो, "तुझा कशाला बसलाय?" तर दचकला. "आयला, तू हळू बोललास की आपसूक हळूच येतंय. कुणाच्या घरात चोरी करायची ठरवतोय जनू आपुन." खूप हसला. मला हसलं की खोकला येतो.

नंतर ध्यानात आलं. वैजयंतीही घरात हळू बोलायला लागली आहे. कुकरची शिट्टी झाली की दोघं दचकतो.

१५ ऑक्टोबर

दुर्बिणीच्या डॉक्टर रजेवरून आल्या. डॉ. उत्कर्षा. नाकातून बारीक नळी घातली आणि टीव्हीवर मला माझाच घसा दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या असतात. "ई म्हणा," त्या म्हणाल्या. उजवी लगबगीनं मध्ये आली. डावी पडूनच होती. उजवी येते, वाट बघते, परत जाते.

"ही कधीपासून अशी आहे?" मी विचारलं.

"ऑपरेशनआधी पाहिलं असतं तर सांगता आलं असतं. आधी गाठीनं झालं की नंतर झालं, आता कोण सांगणार? पण कागदावर तर आधीपासून आवाज बदललेला आहे असं दिसतंय."

प्रियदर्शनी एकदम बोलली. "मॅडम, पप्पांचा आवाज रोज सकाळी चांगला असायचा. ते लिलाव पुकारतात."

डॉक्टरबाई थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "हे ह्यात कुठंच नाहीये," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, कोणी विचारलंच नाही. तसं पाहिलं तर विचारलं होतं, पण मी कुठे खोटं सांगितलं? मार्केट यार्डातच असतो मी.

सहा महिने, वर्षभर वाट बघायची. आली तर आपोआप येईल. नाही आली तर पुण्यात त्या पट्टीत इंजेक्शन देतात, त्यानं बोलता येतं. "ओरडता?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "बोलता येईल."

परत येताना रिक्षात प्रियदर्शनी बाहेरच बघत होती. वैजयंतीनं माझा हात घट्ट धरला होता. तिला थंडी वाजत असावी.

५ नोव्हेंबर

लाल कांदा सुरू झाला. पहाटेपासून गाड्यांची रांग, तोच वास. शेठनी माझ्यासाठी हातात धरायचा माईक आणला, गळ्यात स्पीकर अडकवायचा. माझ्यासाठी एवढं कोण करतं!

पहिल्या वक्कलाला, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाला, उभा राहिलो. माईकनं आवाज मोठा होतो, पण जो आहे तोच मोठा होतो. सायकलची ट्यूब फुसकावी तसं सगळ्या शेडमध्ये ऐकू गेलं. खरेदीदारांतला एकजण म्हणाला, "इंद्रजीतभाऊ, पंक्चर काढा आधी." लोक हसले. मीही तोंड हसतं ठेवलं.

माल आमच्या मोडनिंबच्या माणसाचा होता. मला लहानपणापासून ओळखतो. तो शेठजवळ गेला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मालक, दुसरा माणूस लावा की. माझा माल पडंल."

शेठनी हात जोडल्यासारखं केलं. "एन माडोदु," म्हणाले. आता काय करायचं! त्यांना फार वाईट वाटलं की ते कानडीत बोलतात.

मग तोड निघाली. मी बोटं बघायची आणि बोली धुळाप्पाच्या कानात सांगायची, त्यानं ओरडायचं. त्याचा आवाज वासरासारखा बारीक आहे. हमालांनी त्याला दिवसभर "हंबर की!" म्हणून छळलं. पण जमलं. धुळाप्पा वाकून कान पुढे करतो, मी सांगतो, तो पुकारतो. एका डोक्याला दुसऱ्याचा घसा, तेवढंच.

२८ नोव्हेंबर

धुळाप्पा तयार होतोय. चढ कुठे द्यायची, कोणासमोर थांबायचं, सगळं उचललं त्यानं. खरेदीदारांची बोटं आता त्यालाही दिसतात. बारीक आवाजही लांब जातो, हे मला माहीत नव्हतं.

आज त्यानं कान पुढे केला नाही. मी बोली सांगायला तोंड उघडलं तोवर तो तिसरा पुकार देऊन पुढच्या रांगेला गेलाही. मुद्दाम नाही केलं. गर्दी होती.

१२ डिसेंबर

ऑपरेशनच्या डॉक्टरांना दाखवलं. मी विचारलं, हे बरं होईल का, आणि झालं ते लहान की मोठं? त्यांनी मनापासून सांगितलं. परत टेबलावर घ्यावं लागलं नाही, रक्त चढवावं लागलं नाही, अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं नाही, श्वास नीट आहे. "आमच्या मोजमापात ही किरकोळ गुंतागुंत धरतात," ते म्हणाले. "आणि गाठीचं काय निघेल ते आधी कुणालाच माहीत नव्हतं. आवाजावर परिणाम झालेला असताना मी थांबलो असतो आणि ती वाईट निघाली असती, तर तुम्हीच मला विचारलं असतं."

खरं आहे. त्यांचं बोलणं ऐकताना सगळं पटतं.

बाहेर येऊन रसवंतीवर बसलो. किरकोळ. आमच्याकडे बारीक कांद्याला गोल्टी म्हणतात, ती शेवटी विकली जाते. पण ज्याच्या शेतात नुसती गोल्टीच निघाली, त्याचं तेच सगळं पीक असतं. हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मधलं टेबल रुंद आहे.

शेठनी मला आता गाड्यांच्या नोंदीला बसवलं आहे. काम सावलीतलं आहे.

१३ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत आज देवाच्या लग्नाच्या अक्षता. वैजयंती नको म्हणत होती, धुळीनं खोकला येईल म्हणून. तरी गेलो. एवढ्या वर्षांत चुकवलेली नाही.

नंदीध्वजांच्या उंच काठ्या आल्या, माणसांचा समुद्र, सगळे पांढऱ्या कपड्यांत. "सत्यम् सत्यम्" झालं, अक्षता उडाल्या आणि एकदम हर्र बोला हर्रचा गजर उठला. मीही तोंड उघडलं, छाती भरून घेतली आणि ओरडलो. काही निघालं नाही, नुसता वारा. पण शेजारच्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं. मी परत ओरडलो. घसा लाल होईपर्यंत ओरडत राहिलो.

सगळं शांत झालं तेव्हा माझे ओठ अजून हलत होते. एक लहान पोरगी आईच्या कडेवरून बघत होती.

९ फेब्रुवारी

धुळाप्पाचा निरोप आला, मोबाईलवर बोलून पाठवलेला. आवाज ओळखू येईना. घोगरा, मध्येच तुटणारा. "इंद्रा, माझा बी आवाज बसतोय रं. दुपारनंतर तर निघतच न्हाय. चंद्रिका लई घाबरलीया, सारखी माझा गळा चाचपतीया. काय तरी टणक लागतंय म्हणती. तुझ्याच डॉक्टरकडं उद्याची दुपारची वेळ घेतलीया. लिलाव उरकून तसाच जातो."

मी लगेच लिहून पाठवलं. उलट निरोप आला, "लिवून कशाला पाठवतुयास? मला आकड्यांपल्याड वाचायला कुटं येतंय? चंद्रिका बी आजच म्हायेरी गेलीया. बोल की."

बोललो. दोनदा, तीनदा पाठवलं. त्याचा निरोप आला, "नुसता वारा येतुया. कुटं मोटरसायकलवर हायस काय?"

तो निरोप मी परत लावून ऐकला. लई दिवस झाले नव्हते त्याला, तीन महिने. पण दुपारनंतर निघतच न्हाय, हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलं होतं. पाठीमागे वैजयंती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. तीही ऐकत होती. फोन मी तिच्याकडे दिला नाही, तिनंही मागितला नाही.

१० फेब्रुवारी

पहिल्या गाडीनं कुंभारीला गेलो. धुळाप्पा दारात दात घासत होता. मला बघून घाबरला, काय झालं म्हणून. "बरं हाय ना घरी?" त्याचा आवाज सकाळचा होता, बारीक आणि लख्ख, वासराचा.

बाहेर उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते, एकामागं एक. म्हणून त्याला ओसरीच्या आत ओढलं, त्याचं डोकं धरून कान तोंडाशी आणला आणि सांगितलं. "दुपारी जाऊ नको. आत्ता जा, लिलावाआधी, हा आवाज घेऊन जा. आणि पहिलं हे सांग, की मी ओरडायचं काम करतो. त्यांनी विचारायच्या आधी सांग. दुर्बिणीतून बघितल्याशिवाय कशालाच हो म्हणू नको."

"एवढंच सांगायला हितवर आलास व्हय?"

मी मान हलवली.

"बरं, सांगतो की. त्यात काय लपवायचंय?" त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं आणि सहज विचारलं, "तू सांगितलं हुतंस का तसं?"

तेवढ्यात अंगणाजवळून एक ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा. भांडी थरथरली. धुळाप्पा माझ्या तोंडाकडे बघत होता. मग वाकला आणि नोव्हेंबरात करायचा तसा कान पुढे केला.

"काय म्हणलास? ट्रॅक्टरमुळं ऐकू आलं न्हाय."

मी काही बोललोच नव्हतो.